चाल कोणाची?

दरवर्षी माघाच्या सुमारास अमेरिकेतील चित्रपट ॲकॅडमीची ऑस्कर पारितोषिकांसाठी नामनिर्देशित झालेल्यांची यादी प्रसिद्ध होते, आणि तीत संगीताच्या दोन सदरांखाली, म्हणजे पार्श्वसंगीत व गीत यांच्याखाली, कोणाची नावे आली आणि कोणाची राहून गेली यावरून जगभरच्या रसिकांत जे रण माजते त्याची धूळ उडत उडत आमच्या लहानशा गावातील शनिवारच्या बैठकीपर्यंत येऊन पोचते. ही बैठक म्हणजे काही मोठे प्रस्थ आहे असे वाचकांनी समजू नये. एक निवृत्त स्टेशनमास्तर, एक वकील, एक औषधविक्रेते, माझ्या वर्गातील दोन-तीन विद्यार्थी आणि प्रस्तुत लेखक एवढीच मंडळी. एखादा चित्रपट पाहावा, किंवा नुसते त्याचे संगीत ऐकावे, चहा घ्यावा आणि मग मनसोक्त भांडावे, एवढाच कार्यक्रम. वकीलसाहेबांपाशी एक जाड वही आहे. तीत त्यांनी ऑस्करची आणि आपल्याकडील फिल्मफेअरची संगीताची नामनिर्देशने वर्षवार उतरून काढिली असून, ज्याला पारितोषिक मिळाले त्याच्यापुढे तांबडी खूण आणि ज्याला मिळावयास हवे होते असे त्यांना वाटते त्याच्यापुढे निळी खूण केली आहे. दोन्ही खुणा एकाच नावापुढे क्वचितच पडतात.

अशा वादांविषयी माझे मत पुष्कळ वर्षे अनुकूल नव्हते. कलेच्या क्षेत्रात शर्यतीच्या घोड्यांप्रमाणे क्रमांक लावणे हा प्रकारच मुळी ग्राम्य, मग त्या क्रमांकांवरून हमरीतुमरीवर येणे तर विचारूच नका, असे मी म्हणत असे. परंतु साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांचे रकाने भरीत आलेल्या समाजातील माणसाने परक्यांच्या या वादाला हसावे, हे शोभत नाही. आणि दुसरे असे की, ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की या भांडणाच्या मुळाशी नेहमी एकच प्रश्न दडलेला असतो. अमक्याला मान मिळाला, तमक्याला मिळाला नाही, ही नुसती वरची खपली. आतला प्रश्न असा की, चित्रपटाचे संगीत म्हणून आपण ज्याला म्हणतो ती वस्तू नेमकी कोणती, आणि ती कोणाची?

प्रथम या निवडीची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांना ती ठाऊक नसते. नामनिर्देशन करितात ते ॲकॅडमीच्या संगीतशाखेचे सभासद, म्हणजे स्वतः त्या धंद्यातील लोक; अखेरचे मत मात्र सर्व शाखांचे सभासद देतात, त्यांत नटनट्या आल्या, छायाचित्रकार आले, वेषभूषाकारही आले. यामुळे पारितोषिकापेक्षा नामनिर्देशनाचेच महत्त्व अधिक असे जाणते रसिक मानतात, व ते रास्तच आहे. घराण्यातील बुजुर्गांनी मान डोलविणे निराळे आणि साऱ्या मांडवाने टाळ्या पिटणे निराळे. पण बुजुर्गांची मानही केव्हा केव्हा डोलत नाही. बर्नार्ड हर्मन या संगीतकाराला १९४१ सालच्या दोन चित्रपटांबद्दल, 'सिटिझन केन' आणि 'ऑल दॅट मनी कॅन बाय' यांबद्दल, नामनिर्देशन मिळाले व त्यांतील दुसऱ्याबद्दल पारितोषिकही मिळाले. पुढे त्याने 'व्हर्टिगो' (१९५८) व 'सायको' (१९६०) यांचे संगीत रचिले. केवळ तंतुवाद्यांच्या वृंदातून माणसाच्या अंगावर काटा कसा उभा करिता येतो हे ज्याने 'सायको'मध्ये दाखविले, त्याचे त्या दोन्ही कृतींबद्दल यादीत साधे नावही नाही. १९७५ च्या डिसेंबरात तो वारला; त्याच्या मागून प्रदर्शित झालेल्या दोन चित्रपटांसाठी त्याला मरणोत्तर नामनिर्देशने मिळाली, पण पारितोषिक दुसऱ्याच्या पदरी गेले. वकीलसाहेबांच्या वहीत या पानावर निळ्या शाईचा डाग पडला आहे. तो अपघाताने पडला असे ते म्हणतात.

हर्मनवर झाला तो केवळ अरसिकपणाचा अन्याय. त्यावर वाद घालण्यासारखे फारसे काही नाही. ज्या अन्यायामागे एखादे तत्त्व उभे असते तोच खरा वादाचा विषय. ॲकॅडमीचे हे तत्त्व एका विशेषणात साठविलेले आहे, आणि ते विशेषण म्हणजे 'ओरिजिनल'. संगीताच्या दोन्ही सदरांच्या माथ्यावर ते बसलेले आहे. या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, जे दुसरीकडून घेतलेले नाही ते, म्हणजे मूळचे. आणि दुसरा, जे पूर्वी कधी नव्हते ते, म्हणजे अपूर्व. पहिला अर्थ दप्तरात तपासता येतो. दुसऱ्याची परीक्षा कानाने करावी लागते. कोणतीही संस्था कानापेक्षा दप्तरावर अधिक विश्वास ठेविणार हे उघडच आहे.

हा नियम कडक होण्याला कारण झालेली हकीकत मोठी गमतीची आहे. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्यानंतर ऑस्कर हॅमरस्टीन यांनी त्या शहराच्या आठवणीचे एक गीत लिहिले आणि जेरोम कर्न यांनी त्याला चाल लाविली. ते चित्रपटासाठी लिहिलेले नव्हते. पुढे ते 'लेडी बी गुड' या चित्रपटात घालण्यात आले आणि १९४१ सालच्या सर्वोत्कृष्ट गीताचे पारितोषिक त्याला मिळाले. हे कोणाला रुचले नाही, तर प्रत्यक्ष कर्न यांनाच! ज्या गीताचा जन्म चित्रपटासाठी झाला नाही त्याने चित्रपटगीताचा मान घ्यावा हे त्यांना गैर वाटले, आणि त्यांच्या आग्रहावरून नियम बदलला. विजेत्यानेच आपल्या विजयाविरुद्ध तक्रार करावी, असा न्यायनिष्ठुरपणा आमच्याकडील किती पारितोषिक-विजेत्यांनी दाखविला आहे? एक तरी आहे. त्याची गोष्ट पुढे यावयाची आहे.

त्यानंतर नियमांवर नियम चढत गेले. अगदी अलीकडे, २०२० च्या आसपास, चित्रपटातील एकंदर संगीतापैकी निदान शेकडा ६० भाग त्या चित्रपटासाठी नव्याने रचिलेला असावा असे ठरले, आणि लागलीच पुढे हे प्रमाण शेकडा ३५ वर उतरले. दुधात पाणी किती हे पाहण्याचे यंत्र असते, तसे रसात जुना भाग किती हे पाहण्याचे यंत्र ॲकॅडमीने सिद्ध केले आहे. पण या यंत्राने दूध कोणत्या गाईचे हे कळत नाही, आणि ते नासले आहे की काय हेही कळत नाही.

या यंत्राचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे इटालियन संगीतकार नीनो रोटा. १९७३ च्या आरंभी 'द गॉडफादर' या चित्रपटाच्या संगीताबद्दल त्याचे नामनिर्देशन जाहीर झाले. आणि थोड्याच दिवसांत ते काढून घेण्यात आले. त्या चित्रपटातील प्रेमाची म्हणून जी सुरावट पुढे जगभर गाजली ती रोटानेच १९५८ सालच्या 'फॉर्च्युनेला' या इटालियन चित्रपटात एकदा वापरली होती, असे उघडकीस आले. संगीतशाखेने पुन्हा मते घेतली, रोटाच्या जागी दुसरे नाव बसले, आणि २७ मार्च १९७३ रोजी त्या सदराचे पारितोषिक मिळाले ते 'लाइमलाइट' या चित्रपटाच्या संगीतासाठी चार्ली चॅप्लिन व त्याचे दोन सहकारी यांना. आता 'लाइमलाइट' हा चित्रपट १९५२ सालचा. चॅप्लिनच्या राजकीय मतांविरुद्ध अमेरिकेत उठलेल्या वादळामुळे तो लॉस एंजलिसमध्ये रीतसर प्रदर्शित झाला नव्हता. तो १९७२ साली झाला, म्हणून नियमाप्रमाणे तो १९७२ चा चित्रपट ठरला. ते दोन सहकारी तोवर मरूनही गेले होते. चौदा वर्षांपूर्वीची एक सुरावट आढळली म्हणून एकाला पंक्तीतून उठवावयाचे, आणि वीस वर्षांपूर्वीचे अख्खे संगीत नवे म्हणून दुसऱ्याला पाटावर बसवावयाचे, असा हा एकाच रात्रीचा न्याय. आणि या न्यायात नियमाचा भंग कोठेही झालेला नाही, हीच त्यातली मौज! पुढे १९७५ मध्ये त्याच चित्रपटाच्या दुसऱ्या भागाबद्दल रोटाला कार्माइन कोपोला यांच्यासह पारितोषिक मिळाले, आणि त्या दुसऱ्या भागाच्या संगीतात पहिल्या भागातील सुरावटी पुन्हा येतात हे कोणाच्याही कानाला कळण्यासारखे आहे.

या प्रकरणात मी गेली पंचवीस-तीस वर्षे रोटाचा वकील आहे. मी नुसता दयाबुद्धीने त्याची बाजू घेत नाही. दोन्ही चित्रपटांतील ती सुरावट मी मुद्दाम एकामागून एक अनेकदा ऐकिली आहे. 'फॉर्च्युनेला'त ती लगबगीने, थट्टेखोर डौलात चालते. जत्रेतील बँडवाल्यांनी उगीच ऐट मिरवीत जावे तशी. 'गॉडफादर'मध्ये तीच सुरावट संथ होऊन येते. सिसिलीतील रखरखीत डोंगरवाट, पुढे तो तरुण आणि त्याची वाग्दत्त वधू, मागे मर्यादा राखण्यासाठी चाललेला नात्यातील बायकांचा घोळका. त्या मर्यादेत एक गोडवा आहे आणि त्या गोडव्यावर कसली तरी सावली आहे. ही मुलगी जगणार नाही हे आपणांस अजून ठाऊक नसते, पण सुरावटीला ते ठाऊक आहे असे वाटते. स्वर तेच, क्रम तोच. लय बदलली, वाद्ये बदलली आणि हास्याचा करुण झाला. याला पुनरुक्ती म्हणणाऱ्याने आपल्या कानांची परीक्षा करवून घ्यावी.

हजारएक वर्षांपूर्वी काश्मीरात आनंदवर्धनाने आपल्या 'ध्वन्यालोका'च्या अखेरच्या भागात या प्रश्नाचा विचार करून ठेविला आहे, हे लॉस एंजलिसच्या मंडळींना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आपणांस ठाऊक असावयास हरकत नसावी. एका कवीचे काव्य दुसऱ्यासारखे दिसते तेव्हा ते सादृश्य तीन प्रकारचे असते, असे तो म्हणतो. एक आरशातील प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रासारखे, आणि तिसरे एका माणसाचा चेहरा दुसऱ्यासारखा असावा तसे. पहिली दोन टाळावी. कारण प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नाही, आणि चित्राचा आत्मा नावापुरता. तिसऱ्याला मात्र कोणी नावे ठेवू नयेत. शरीर सारखे असले तरी आत निराळा जीव नांदत असतो. रोटाच्या दोन सुरावटी या अशा एका चेहऱ्याच्या दोन बहिणी आहेत. एक हसरी, एक दुःखी. थोरलीचे लग्न झाले म्हणून धाकटीला बोहल्यावर चढू न देणारे हे कोण?

येथवर बहुतेक रसिक माझ्याबरोबर येतील. पण ते ज्या उत्साहाने रोटाचे नाव घेतात त्याच उत्साहाने त्याच्या शेजारी योहान योहानसन याचे नाव घेतात, तेथे मी त्यांची साथ सोडतो. 'अरायव्हल' (२०१६) या चित्रपटासाठी या आइसलंडच्या संगीतकाराने केलेली रचना अपात्र ठरविण्यात आली. कारण चित्रपटाच्या आरंभी आणि अखेरीस माक्स रिख्टर या दुसऱ्या संगीतकाराची पूर्वीची एक रचना वाजते, आणि मत देणाऱ्यांच्या मनावर दोहोंपैकी कोणाचा परिणाम झाला हे निवडता येणार नाही असे ठरले. रसिकांनी या निर्णयावर फार आगपाखड केली. मला मात्र वाटते की, येथे ॲकॅडमीने, चुकून का होईना, दप्तराऐवजी कानाने निकाल दिला. तो चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्याच्या डोळ्यांत जे पाणी असते ते रिख्टरच्या तंतुवाद्यांचे असते. रचना जशीच्या तशी उचलून ठेविलेली. तिच्यावर नवा संस्कार नाही, तिला नवे शरीर नाही, आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांत तिला जागाच नाही, कारण ती सादृश्य नसून साक्षात ती वस्तूच आहे. अर्थात योहानसनचे स्वतःचे काम हलके होते असे नव्हे. परग्रहावरून आलेल्या त्या प्राण्यांसाठी त्याने मानवी आवाजांचाच असा काही उपयोग केला आहे की ऐकणाऱ्याला आपलाच कंठ परका वाटावा. तेवढ्यापुरते त्याला नाव मिळावयास हवे होते, आणि श्रीखंड शेजारच्या घरून आले म्हणून आमटी करणाऱ्यालाही स्वयंपाकघरातून घालवून द्यावे हा न्याय नव्हे, हेही मी मान्य करितो. २०१८ साली तो अकाली वारला, त्यामुळे या वादाला एक हळवेपणा आला आहे. परंतु हळवेपणाने वाद जिंकू नयेत.

आपल्या रहमान यांच्याविषयी थोडे लिहून पुढे जातो, कारण तो विषय टाळला तर औषधविक्रेते माझ्याशी बोलणार नाहीत. २००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी त्यांना पार्श्वसंगीताचे व, गुलजारांसह, गीताचे अशी दोन पारितोषिके मिळाली, तेव्हा आपल्याकडे दिवाळी झाली. आणि दिवाळी ओसरताच 'रोजा' (१९९२) आणि 'बॉम्बे' (१९९५) यांचे संगीत यापेक्षा किती तरी सरस, अशी कुजबुज सुरू झाली. त्या वर्षी गीतांची नामनिर्देशने तीनच होती, त्यांत दोन रहमान यांचीच. आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे 'द रेसलर'मधील गीत, ज्याला गोल्डन ग्लोब मिळाले होते, ते यादीत नव्हते. म्हणून तिकडचे रसिकही चिडलेले. माझे मत दोघांनाही रुचणार नाही. पार्श्वसंगीताचा मान योग्य होता; मुंबईच्या गल्ल्यांतून धावणाऱ्या त्या चित्रपटाच्या छातीचे ठोके त्यात आहेत. गीताचे मात्र तसे नाही. कथा संपल्यावर, व्हीटी स्टेशनच्या फलाटावर, श्रेयनामावलीच्या वेळी ते येते. तोवर कथेला त्याची गरज उरलेली नसते. गाणे झकास आहे. पण वरात निघून गेल्यावर वाजणारा बँड कितीही सुरेल असला तरी तो लग्नाचा भाग नव्हे.

असो. माझ्या स्वतःच्या न्यायबुद्धीची परीक्षा व्हावयाची होती ती गेल्या पावसाळ्यात झाली, आणि ती कथन करण्यासाठीच खरे म्हणजे हा लेख लिहावयास घेतला.

त्या शनिवारी मी रोटाच्या बचावाचे माझे नेहमीचे भाषण केले, आणि ओघात मराठी संगीत नाटकाचा दाखला दिला. आमच्या जुन्या नाटकांच्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द घालून, हे पद कोणत्या जुन्या पदाच्या, लावणीच्या किंवा चिजेच्या चालीवर आहे ते सरळ लिहिलेले असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' (१८८०) व 'सौभद्र' (१८८२) रचिताना साकी-दिंडीपासून कर्नाटकी चालींपर्यंत जेथून मिळेल तेथून घेतले. 'मानापमाना'त (१९११) गोविंदराव टेंब्यांनी आणि 'स्वयंवरा'त (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी बैठकीच्या गाण्याचे भांडार रंगभूमीवर मोकळे केले. कोणी त्यांना अपात्र ठरविले नाही. हेच टेंबे १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'चे संगीतकार झाले; म्हणजे आमच्या बोलपटाच्या संगीताचा जन्मच मुळी उसन्या चालींच्या सुखी घरात झाला. मग रोटाने स्वतःचीच चाल स्वतः घेतली तर बिघडले कोठे? भाषण बरे झाले असावे, कारण स्टेशनमास्तरांनी चहा थंड होऊ दिला.

तेव्हा माझी एक विद्यार्थिनी, जी एरवी कोपऱ्यात बसून ऐकत असते, म्हणाली, "सर, मग सलिलदांचं काय?"

प्रश्नाचा रोख सर्वांना कळला. गेली कित्येक वर्षे याच बैठकीत मी हिंदी चित्रपटांतील उसनवारीवर कोरडे ओढीत आलो आहे, आणि 'छाया' (१९६१) मधील तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचे ते द्वंद्वगीत, ज्याचा आरंभ मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या आरंभावरून घेतलेला आहे, ते माझे ठरलेले उदाहरण आहे. सलिल चौधरींच्या प्रतिभेविषयी मला आदर असूनही हे गाणे म्हणजे उचलेगिरी, असे मी अनेकदा म्हटलेले सर्वांनी ऐकिलेले होते. रोटाला एक न्याय आणि सलिल चौधरींना दुसरा, हे कसे? मी म्हणालो, रोटाची चाल त्याची स्वतःची होती. ती म्हणाली, "पण किर्लोस्करांच्या चाली त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या ना?" वकीलसाहेबांनी तिच्याकडे अशा कौतुकाने पाहिले की, माझी बाजू पडली हे मला लगेच समजले. मी म्हणालो, किर्लोस्करांनी चाल कोठली ते छापून सांगितले. चित्रपटात ते कोणी सांगत नाही. हे उत्तर खरे आहे, आणि मी अजून त्याला चिकटून आहे. पण तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे, हे मला तेव्हाच कळत होते. सांगितल्याने चोरीचे कर्ज होते. पण गाणे चांगले की वाईट, जिवंत की प्रतिबिंब, हे सांगण्या न सांगण्यावर अवलंबून नसते.

वकीलसाहेबांनी विषय बदलावा म्हणून वही उघडली, आणि ज्या पानाची त्यांना सर्वांत चीड आहे ते पान काढिले. वर्ष तेच, १९७३. फिल्मफेअरच्या संगीत-दिग्दर्शनाच्या पारितोषिकासाठी 'पाकीजा'साठी गुलाम महंमद, 'शोर'साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल आणि 'बेइमान'साठी शंकर-जयकिशन अशी नावे होती, आणि पारितोषिक 'बेइमान'ला मिळाले. गुलाम महंमद १९६८ सालीच वारले होते. वर्षानुवर्षे नौशादांचा साहाय्यक म्हणून राबलेला, ढोलकी-तबल्यातला हा माणूस आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम पडद्यावर पाहण्यास उरला नाही. उरलेले काम आणि पार्श्वसंगीत नौशादांनी पुरे केले. (जयकिशनही १९७१ मध्ये गेले होते, हे आमच्या वादात कोणी आठवत नाही.) त्याच 'बेइमान'मधील साहाय्यक भूमिकेबद्दल प्राण यांना पारितोषिक जाहीर झाले होते; गुलाम महंमदांना डावलल्याच्या निषेधार्थ त्यांनी ते नाकारिले. मघाशी ज्याचा उल्लेख केला तो विजेता हा. कर्न यांनी आपल्या गीताविरुद्ध तक्रार केली, प्राण यांनी आपल्या चित्रपटाच्या मानाविरुद्ध केली. आणि प्राण यांचे काम अधिक अवघड, कारण त्यांना नियम बदलावयाचा नव्हता, केवळ एका मेलेल्या माणसाचे देणे बोलून दाखवावयाचे होते.

या पानापुढे वकीलसाहेबांची निळी खूण दुहेरी आहे. त्यांनी नेहमीप्रमाणे ती आम्हांस दाखविली. तेव्हा त्याच मुलीने कोणास काही न सांगता आपल्या फोनवर एक जुनी ध्वनिमुद्रिका लाविली. शमशाद बेगमचा कोवळा आवाज. १९४१ सालचा 'हिम्मत' हा चित्रपट. आणि गाणे 'पाकीजा'तील दुपट्ट्याच्या तक्रारीचे! बैठकीत कोणी बोलेना. ज्या गाण्याने 'पाकीजा'चा पडदा उजळतो ते एकतीस वर्षांपूर्वी येऊन गेलेले होते. ॲकॅडमीच्या नियमाने पाहिले तर गुलाम महंमदांची गत त्या वर्षी रोटाहून निराळी झाली नसती.

घरी गेल्यावर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला. ते गाणे चालू असताना मीनाकुमारीच्या पाठीमागे, दूरवर, दुसऱ्या माड्यांवर, दुसऱ्या सज्जांत, दुसऱ्या नाचणाऱ्या दिसत राहतात. लहान लहान, बाहुल्यांएवढ्या. आपापल्या दिव्यांच्या उजेडात गिरक्या घेणाऱ्या. इतकी वर्षे मी ते केवळ देखाव्याची श्रीमंती म्हणून पाहत आलो होतो. या वेळी वाटले की, हे गाणे नवे असते तर हा देखावा खोटा झाला असता. ही तक्रार एकटीची नव्हे; ती या साऱ्या बाजाराची, पिढ्यान्पिढ्या एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी गेलेली, आणि हसत हसत म्हणावयाची अशी आहे. जुन्या गाण्याचा जुनेपणा हाच येथे त्याचा अर्थ आहे. मग पुढे एका गाण्याच्या अखेरीस दूरून आगगाडीची शिट्टी येते, आणि ती नायिका त्या सर्व सज्जांपासून तुटून एकटी होते. कारण ती शिट्टी तिच्या एकटीची आहे. ज्या अनोळखी माणसाने गाडीच्या डब्यात तिच्या पायांपाशी चिठ्ठी ठेविली, त्याची ती आठवण. गाणे सर्वांचे, शिट्टी एकीची. या दोहोंमध्ये तो सगळा चित्रपट मावला आहे. ही शिट्टी संगीत म्हणावयाची की नुसता ध्वनी, आणि तिचे श्रेय गुलाम महंमदांना द्यावयाचे, नौशादांना की दिग्दर्शक कमाल अमरोहींना, हे कोणत्या सदरात बसवावयाचे? पुढल्या शनिवारी स्टेशनमास्तरांनी ती कोळशाच्या इंजिनाची शिट्टी आहे एवढे मात्र निश्चित सांगितले, आणि डोळे पुसले.

रसिकांचे वाद व्यर्थ नसतात असे जे मी आरंभी म्हटले ते यामुळे. 'पाकीजा'ची गाणी 'बेइमान'च्या गाण्यांहून गोड, हे पन्नास वर्षे सगळे सांगत आले, आणि मीही सांगत आलो; तेवढे सांगण्याला चित्रपट पाहण्याची गरज नाही, तबकडी पुरे. प्राण यांचा निषेध योग्य होता हे माझे मत त्या मुलीच्या फोनवरील तीन मिनिटांनी डळमळले, आणि त्या दूरच्या बाहुल्यांनी ते पुन्हा, निराळ्या पायावर, उभे केले. सलिल चौधरींच्या गाण्याविषयी मात्र मी अद्याप माझे शब्द मागे घेतलेले नाहीत. 'छाया' पुन्हा पाहावयाचा आहे. मोझार्टची ती धडधड त्या प्रेमिकांना काय देते ते पडद्यासमोर बसून ऐकल्याशिवाय मी काही बोलणार नाही, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "चालेल, सर," आणि तिच्या स्वरात माझ्याविषयीचा विश्वास बेताचाच होता.

वकीलसाहेबांनी नंतर आपल्या वहीत तांबड्या-निळ्या खुणांच्या पलीकडे आणखी एक रकाना आखला आहे आणि त्याच्या माथ्यावर, जुन्या नाटकाच्या पुस्तकातल्यासारखे, 'चाल' असे लिहिले आहे. 'गॉडफादर'पुढे 'फॉर्च्युनेला, १९५८' अशी नोंद झाली. 'पाकीजा'पुढे 'हिम्मत, १९४१' असे शाईने लिहून, त्याखाली त्यांनी पेन्सिलीने विचारले आहे, 'आणि त्याआधी?'